पंचमावरून गंधाराकडे

गायिका किशोरीताई आमोणकरांचा भूप, ‘सहेला रे’, ऐकताना माझा कान दर वेळी एकाच जागी अडतो. ताई पंचमावर येतात, जरा टेकतात आणि गंधाराकडे निघतात. भूपात मध्यम वर्ज्य. पण पंचमावरून गंधारावर यायचं तर मध्यमाच्या दारावरूनच जावं लागतं. त्या दारात पाऊल रेंगाळलं की तीव्र मध्यम कानाला लागतो आणि शुद्ध कल्याण डोकावू लागतो. दार टाळून सरळ उडी घेतली तर स्वर बरोबर येतात, भूप मात्र कोरडा पडतो. ताई दारावरून जातात, आत बघत नाहीत. एवढंच होतं, पण ते होताना मी हातातलं काम खाली ठेवतो.

आणि मग मला मालपें आठवतं. पेडणे तालुक्यातलं हे गाव आज लोकांना ठाऊक असतं ते महामार्गामुळे, नाहीतर पावसाळ्यात कोकण रेल्वे अडवणाऱ्या बोगद्यामुळे. 22 एप्रिल 1883 रोजी गायिका अंजनीबाई मालपेकर इथे जन्मल्या. 1940 च्या दशकात कोवळ्या किशोरीला काही काळ त्यांनी शिकवलं. किशोरीताईंच्या मुख्य गुरू मात्र त्यांच्या आई, मोगूबाई कुर्डीकर. घराणं जयपूर, अल्लादिया खाँसाहेबांचं. त्यामुळे भूपातल्या त्या मींडेवर, पंचमावरून गंधाराकडे घसरत येणाऱ्या त्या वाटेवर, मालपेंचा हक्क सांगितला तर जयपूरवाले रागावतील. रागावू देत. आक्रमक, पेचदार तानांच्या त्या घराण्यात एवढी सावकाश, एवढी ओली मींड कुठून आली, हा प्रश्न तरी विचारू द्यावा.

उत्तरासाठी आधी मालपेंच्या मुलखात जावं लागतं. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेला मुलूख. जुन्या काबिजादींत देवळं पाडली गेली, देव नदीपार न्यावे लागले. हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता. म्हणून इथली पालखी, चौघडा आणि सभामंडपातलं कलावंतिणींचं गाणं खंडलं नाही. अंजनीबाईंच्या घरात गाणं आजीपासूनचं. ते जपणाऱ्या बायकांना समाजाने काय दिलं, हे मात्र गोव्यात कुणी कुणाला सांगायला नको. अशा कितीजणी गोवा सोडून मुंबईला गेल्या; अंजनीही त्यांतलीच.

मुंबईत आठव्या वर्षी अंजनी उस्ताद नझीर खाँ यांच्यापुढे बसली. छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ मुरादाबादकडचे. भेंडीबाजारात राहिले म्हणून घराण्याला वस्तीचंच नाव पडलं. या घराण्याची तालीम म्हणजे खंडमेरू. तीन स्वर घ्या, उलटसुलट मांडा: सहा प्रकार. चारांचे 24, पाचांचे 120, सातांचे 5040. ऐकायला हे पाढ्यांसारखं वाटतं, आणि शिकणाऱ्या पोरीला ते तसंच वाटलं असणार. पण खरी गोम पुढे आहे. भूपाचे स्वर पाच, म्हणजे मांडण्या 120. त्यांतल्या सगळ्या भूपाच्या नाहीत. धैवतावर जरा जास्त वजन पडलं की त्याच पाच स्वरांचा देशकार होतो. तेव्हा 120 वाटा पायाखालून गेल्यावरच कोणत्या सोडायच्या ते कळतं. शिवाय खंडमेरू स्वरांच्या जागा मोजतो. एका जागेवरून दुसरीकडे जायचं कसं, ते मोजत नाही. त्यासाठी या घराण्याने लांब दमसास, आकार आणि मींड घोटून घेतली.

1899 मध्ये, सोळाव्या वर्षी, अंजनीबाईंची पहिली जाहीर मैफल मुंबईत झाली. रूपही असं की राजा रविवर्मा यांच्या काही चित्रांसाठी त्या समोर बसल्या, असं सांगतात. मध्यंतरी, 1904 च्या सुमारास, आवाज गेल्याचं आणि वर्षभराने परतल्याचंही सांगितलं जातं. नझीर खाँसाहेब गेले. मग 1923 मध्ये, वयाच्या चाळिशीत, अंजनीबाईंनी मैफल थांबवली. गळा थकला म्हणून नव्हे, असं मला वाटतं. समोर बसणाऱ्यांच्या नजरेचा कंटाळा आला असावा. मैफलीची वर्षं 24. त्यानंतर त्या आणखी 51 वर्षं जगल्या, 7 ऑगस्ट 1974 पर्यंत. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, ती मिळवणारी पहिली स्त्री म्हणून. तोवर त्यांना मंचावर ऐकलेले लोक म्हातारे झाले होते.

म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य बंद दाराआड, शिकवण्यात गेलं. त्या दारातून आत गेलेल्यांत कुमार गंधर्वही होते. कुमारजींचं गाणं किशोरीताईंच्या अगदी उलटं. क्षयाने फुप्फुस निकामी केल्यावर लांब दमाचा प्रश्नच उरला नाही. तुकडे छोटे, मध्ये शांतता, मग एकदम वीज चमकावी तसा स्वर. लांब दमसासाचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्याशी याचं नातं कुठे लावायचं? मी त्यांचे तुकडे पुन्हापुन्हा ऐकतो. एक तुकडा संपतो तेव्हा शेवटचा स्वर तुटत नाही; त्याला पुढच्या स्वराकडे किंचित कल दिलेला असतो. मग कुमारजी गप्प बसतात, आणि उरलेली मींड ऐकणाऱ्याच्या मनात पुरी होते. पुढचा तुकडा नेमका ती जिथे पोचली असती तिथूनच निघतो.

दोघांची नक्कल करणारे पुष्कळ आहेत. ताईंची तान उचलतात, कुमारजींचा तो फेकलेला तार षड्ज उचलतात. पंचमावरून गंधाराकडे येताना मात्र बहुतेकजण मध्यमाच्या दारात थबकतात, नाहीतर घाईने उडी मारतात.