सहकाऱ्यांची थट्टा आणि ‘झेंडूचीं फुलें’

दौंड तालुक्यांत कासुर्डीच्या बाजूस उसाचीं गुऱ्हाळें आहेत, आणि गुऱ्हाळांत थट्टेला तोटा नसतो. चुलवाणांत चिपाडें सारणाऱ्यास गुळव्या बोलतो, गुळव्यास घाण्यावरचा बोलतो. सहसा कोणी रागावत नाहीं. काहिलीची धग सर्वांनाच लागत असते, आणि टोमणा मारणारासहि उलट टोमणा ऐकून घ्यावा लागतो. धग समान असावी व उत्तरास वाव असावा, हे सहकाऱ्यांच्या विनोदाचे दोन नियम होत. साहित्यिकांच्या थट्टेसहि ते लावून पाहण्यासारखे आहेत.

कासुर्डीच्या दक्षिणेकडील डोंगर ओलांडले कीं पुरंदर तालुका लागतो. आचार्य अत्रे यांचें सासवड तेथलेंच. पुण्यांत १९२३ सालीं रविकिरण मंडळ निघालें, आणि १९२५ सालीं अत्र्यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें ‘झेंडूचीं फुलें’ हा विडंबनसंग्रह काढून समकालीन कवींच्या लकबींची यथेच्छ थट्टा केली.

पहिल्या नियमास हा संग्रह निःसंशय उतरतो. विडंबनकार स्वतः कवि होता, गडकऱ्यांना गुरु मानणारा होता. वृत्ताची व शब्दांची धग त्यानें सोसलेली होती. ‘प्रेमाचा गुलकंद’ ही कविता पाहा. प्रेयसीस नित्य गुलाब देणाऱ्या प्रियकरापुढें अखेर त्याच फुलांच्या गुलकंदाची बरणी येते! येथें व्यक्तीला दंश नाहीं. हंसूं येतें तें प्रेमकवितेच्या ठराविक सांच्याला.

दुसऱ्या नियमाशीं मात्र थोडें अडखळावें लागतें. माधव जूलियन यांच्या फारसीमिश्रित शैलीचीहि या संग्रहांत थट्टा आहे. त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ त्याच १९२५ सालचा. म्हणजे ज्या शब्दांना लोक हंसले, त्यांच्यामागें एका विद्वानाचे कष्ट उभे होते. परंतु विडंबन मुखोद्गत होतें, आणि कोश कपाटांत राहतो. गुऱ्हाळांतील गड्यास उलट बोलावयास तोंड असतें. कोशकारानें हशाला उत्तर तें काय द्यावें?

यांत दोष विडंबनकाराकडे थोडा, वाचकांकडे अधिक, असें आम्हांस वाटतें. आमच्या वर्गांत विडंबन पाठ असलेले विद्यार्थी पुष्कळ भेटले. ज्या कवितेवरून तें बेतलें, ती वाचलेला क्वचितच भेटला. कवि कवीला हंसला, तेव्हां दोघांच्या श्रमाची जात एक होती. आम्ही मात्र धगीपासून दूर बसून हंसलों, आणि त्यालाच रसिकता समजलों.

म्हणून ‘झेंडूचीं फुलें’ घरोघर अवश्य वाचावीं. पण शेजारीं माधव जूलियन, यशवंत व गिरीश यांचेहि संग्रह ठेवावे. असें केल्यानें हंसणें कमी होणार नाहीं; उलट तें जाणतें होईल, आणि ज्यांची थट्टा झाली त्यांनाहि बोलण्याची पाळी मिळेल.