ढोलक आणि रदीफ

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याविषयी लिहिणारे बहुधा संख्येतच अडकतात. पाचशेच्या आसपास चित्रपट, सात फिल्मफेअर पारितोषिके. एवढे काम म्हणजे ‘कारखाना’, असा शेरा मारून समीक्षक मोकळे होतात. या जोडीने उर्दू शब्दाला कसे वागवले, हे मात्र कोणी पाहत नाही. आम्हाला ते महत्त्वाचे वाटते.

लक्ष्मीकांत कुडाळकर आमच्या अंधेरीशेजारच्या पार्ल्यात गरिबीत वाढले. प्यारेलाल हे ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मांचे पुत्र. एकाचे मेंडोलिन, दुसऱ्याचे व्हायोलिन. ‘दोस्ती’ने (१९६४) त्यांना पहिले फिल्मफेअर दिले, तेही ‘संगम’ स्पर्धेत असताना. त्यातली गीते मजरूह यांची होती.

पण खरी परीक्षा ‘एक नजर’मध्ये (१९७२) झाली. मीर तकी मीर यांच्या मतल्यावर मजरूहनी नवे शेर बांधले. मीरच्या त्या बहरात दीर्घ अक्षरांची रांग असते. चाल त्या अक्षरांना घाई करीत नाही. लता आणि रफीसाहेब दोघांनाही शब्द पुरा उच्चारायला उसंत मिळते.

‘अमर अकबर अँथनी’तील (१९७७) पडद्याच्या कव्वालीवर आपल्याकडे नाराजी आहे. मुसलमान नायक म्हणजे कव्वाल, आणि बुरखा म्हणजे थट्टेचा विषय! तक्रार रास्त आहे, पण ती मनमोहन देसाईंच्या पत्त्यावर पाठवावी. चालीपुरते बोलायचे तर टेक फिरून आली की टाळी आणि ढोलक नेमके तिच्यावर येतात. रदीफची व्याख्या आम्ही फळ्यावर कितीही लिहिली तरी मुलांना ती कळते अशा कव्वालीवर ठेका धरल्यावरच. पुढे हाच अकबर शिर्डीच्या साईबाबांपुढे गातो, तेव्हाही संगीतकारांनी त्याचा कव्वालीचा बाज काढून घेतलेला नाही. हा प्रामाणिकपणा पटकथेतही क्वचितच दिसतो.

३१ जुलै १९८० रोजी रफीसाहेब गेले. त्यांनी सर्वाधिक गाणी याच जोडीकडे गायिली होती आणि अखेरचे ध्वनिमुद्रणही यांच्याच ‘आसपास’साठी केले. पुढे ‘कुली’त (१९८३) इक्बाल हमालाला शब्बीर कुमार यांचा आवाज मिळाला. आवाज रफीसाहेबांच्या वळणाचा खरा, पण आता ठेका शब्दाची वाट पाहत नाही, शब्दच ठेक्यामागे धावतात. ‘एक नजर’ आणि ‘कुली’ एकाच बैठकीत ऐकावेत. अकरा वर्षांत मिसऱ्यातली उसंत कुठे गेली, ते कानाला लगेच कळते.