मोतिया की हस्तिदंती: शेडकार्ड हा पुरावा नव्हे

हॉलला मोतिया द्यायचा की हस्तिदंती? शेडकार्डवर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतायत. संशोधनाकडे वळणार असाल तर हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. शेडकार्ड हे मोजमापाचं साधन आहे असं धरून ते तपासा. माझ्या मते तो फसलेल्या प्रयोगाचा उत्तम नमुना आहे.

एक तर तुकडा दोन बोटांएवढा आणि भोवती शुभ्र कागद. शुभ्राशेजारी कुठलाही ऑफ-व्हाइट पिवळटच दिसणार. शिवाय खोलीत भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे तिथे तोच रंग आणखी पिवळा वाटतो.

मग उजेड. दुकानात पांढरे एलईडी, साधारण ६५०० केल्विनचे. घरी संध्याकाळी पिवळसर, २७०० ते ३००० चे. वेगळी रंगद्रव्यं वापरून केलेले दोन रंग एका दिव्याखाली जुळतात नि दुसऱ्याखाली फटकून वागतात. याला मेटामेरिझम म्हणतात. ‘उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही’ हा विलायती सल्लाही पुण्यात जपून घ्या. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. घरात एक म्हणतो पिवळा, दुसरा म्हणतो पांढरा, आणि वाद पेटतो. दोघांचंही निरीक्षण खरं असतं; कुणीच वेळ लिहून ठेवलेली नसते.

आकडा हवा? आहे ना. सीआयईच्या १९७६ च्या ‘लॅब’ पद्धतीत दोन रंगांतलं अंतर ‘डेल्टा ई’ने मोजतात. पण तो आकडा ठरावीक उजेड आणि ठरावीक प्रमाण-निरीक्षक धरून काढलेला. फरक किती, ते तो सांगतो. तुमच्या हॉलमध्ये तो जाणवेल का, हे नाही. थीसिसमध्ये पी-व्हॅल्यू चिकटवून मोकळे होणाऱ्यांचीही इथेच गफलत होते.

रंगाऱ्याला दुसऱ्यांदा मजुरी देण्यापेक्षा हे करा. दोन्हींचे छोटे डबे आणा, फिनिश एकच ठेवा. दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, मागे फक्त अ आणि ब लिहा. शेजारी-शेजारी ठेवू नका. तसा फरक कुणालाही सापडतो, पण राहायचं एकाच रंगात आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून दुसऱ्या कुणालातरी एकेक पुठ्ठा भिंतीला लावायला सांगा, आणि कुठला ते ओळखा. आठपैकी चार-पाचदाच बरोबर आलात तर ते निव्वळ छापा-काटा. मग स्वस्त असेल तो घ्या, आणि डब्यावरचा शेड नंबर वहीत टिपून ठेवा. टचअपच्या वेळी लागतो.