आमच्या वाङ्मयातील दुष्काळ आणि विहिरीचा तळ

मराठी कथा-कादंबऱ्यांत दुष्काळ येतो तो बहुधा आकाशातून येतो. ढग जमतात, हुलकावणी देतात आणि निघून जातात; भुई भेगाळते; दावणीची जनावरे हंबरतात; म्हातारी माणसे कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे पाहतात. पुढे काय होणार हे वाचकास पाठ असते, आणि ते तसेच होते. या ठराविक वर्णनांचा आम्हांस कंटाळा आला आहे एवढेच सांगावयाचे असते, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. आमची तक्रार याहून मोठी आहे. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राच्या कोरड्या मुलखात विहिरी मोजणाऱ्या, ओढ्यांचे उतार तपासणाऱ्या, नदीतील वाळू कोठे गेली हे विचारणाऱ्या माणसांनी दुष्काळाविषयी पुष्कळ ज्ञान मिळविले. आमच्या ललित वाङ्मयाने त्याची दखल जवळजवळ घेतलेली नाही. आणि आमच्या टीकाकारांना त्याचे काही वाटलेले नाही.

हे आम्ही वारणानगरात बसून लिहीत आहोत, याचे कोणास नवल वाटेल. वारणेच्या खोऱ्याने दुष्काळाविषयी बोलावे, हा पोट भरलेल्याने उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखा प्रकार झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर, चांदोलीच्या रानात, पाऊस वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पडतो. तो धरणात साठतो आणि पन्हाळा, शिराळा, वाळवा या तालुक्यांच्या उसाला पोहोचतो. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० नंतरच्या दशकात येथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला आणि माळाचे नगर झाले. त्या कर्तृत्वाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु येथून ईशान्येस सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आटपाडी आहे. तेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरांची मजल गाठतो न गाठतो. २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशातील गुरे चारा छावण्यांत उभी होती आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीची गावे महापुरात बुडाली होती. ज्याला हे दोन्ही देखावे एका वर्षात पाहावे लागतात, त्याला दुष्काळ हा केवळ आकाशाचा गुन्हा आहे असे म्हणण्याचा धीर होत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. वारणेच्या बाजूचा दुष्काळ ज्यांनी लिहिला त्या अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगावी झाला. त्यांच्या 'फकिरा' (१९५९) कादंबरीत दुष्काळ आहे, आणि तो सामान्य कादंबरीकाराच्या दुष्काळाहून फार वेगळा आहे. येथे कोणी आभाळाकडे पाहत बसत नाही. लोक उपाशी आहेत आणि धान्य कोठारात आहे, या दोन गोष्टी लेखक शेजारी शेजारी ठेवतो व नायकाला त्या कोठाराकडे पाठवितो. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात सप्रमाण मांडले की, दुष्काळात माणसे मरतात ती देशात धान्य नसते म्हणून नव्हे, तर ते मिळविण्याचा हक्क व साधन त्यांच्या हाती नसते म्हणून. अण्णा भाऊंनी हीच गोष्ट बावीस वर्षे आधी एका दरोड्याच्या प्रसंगात दाखविली होती. 'फकिरा'तील भाषेचा भडकपणा व योगायोगांची रेलचेल यांवर आमच्या टीकाकारांनी पुरेसे लिहिले आहे. परंतु दुष्काळाचे कारण माणसांत शोधणारी ही मराठीतील थोड्या कादंबऱ्यांपैकी एक आहे, हे जितक्या ठामपणे म्हटले जावयास हवे होते तितके म्हटले गेले नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही या विषयावरील सर्वांत मान्यता पावलेली कृती, आणि ती मान्यता योग्यच आहे. औंध संस्थानातील एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवावयास येतो, गाव त्याला हळूहळू आपला म्हणतो, तालीम उभी राहते, राजेसाहेब येऊन जातात. आणि मग पाऊस येत नाही. मेंढरे मरतात, माणसे जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस पडते. शेवटची प्रकरणे किती थोड्या शब्दांत लिहिली आहेत! माडगूळकरांच्या ठिकाणी जो संयम आहे त्याच्या शतांश जरी त्यांच्या अनुकरणकर्त्यांत असता तर ग्रामीण वाङ्मयाचे कल्याण झाले असते.

तथापि आमच्या मनात एक शंका उभी राहते. वाडी ओस पडली म्हणजे नेमके काय झाले? गुंथर सोंथायमर या जर्मन संशोधकांनी धनगरांच्या वाड्यांतून, मेंढवाड्यांतून हिंडून त्यांच्या ओव्या व देवकथा टिपून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली निघाला. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी त्याच सुमारास धनगरांच्या जीवनाचा निसर्गशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. हे लेखन वाचल्यावर दिसते की, पावसाच्या मागे मेंढरे घेऊन जाणे व पुन्हा परत येणे ही या लोकांची कोरड्या मुलखात जगण्याची जुनी रीत आहे. त्यांचा देवही त्यांच्याबरोबर चालतो. मग 'बनगरवाडी'च्या शेवटी जी माणसे बाहेर पडतात ती या रीतीने बाहेर पडतात, की ही रीतच मोडली म्हणून? रीतीने जाणारा मेंढरे घेऊन जातो. रीत मोडलेला मेंढरे पुरून जातो. या दोहोंत जीवनमरणाचे अंतर आहे. कादंबरी आपणांस दुसऱ्या प्रकारचे जाणे दाखविते. पण पहिल्या प्रकारचे जाणे आपणांस ठाऊक नसल्याने दुसऱ्यातील खरे दुःख आपल्या ध्यानी येत नाही. मास्तर शाळेचा असल्याने त्याच्या दृष्टीने गाव म्हणजे एका जागी बसलेली माणसे. आमचे मध्यमवर्गीय वाचकही त्या मास्तरासारखेच आहेत, म्हणून त्यांना हा शेवट इतका बिनतक्रार पटला.

माडगूळकरांवर अज्ञानाचा आरोप करण्याचा आमचा हेतू नाही. पुढे नागझिऱ्याच्या रानात वही घेऊन बसणारे आणि 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचे राजकारण इतक्या बारकाईने टिपणारे लेखक तेच. आमची हळहळ एवढीच की, जी नजर त्यांनी वानरांना दिली ती माणगंगेच्या पात्राला दिली नाही. १९५५ च्या पुस्तकाकडे १९७२ नंतरचे शास्त्र मागणे हा उघड अन्याय होईल. पण 'बनगरवाडी'ला कायमचा नमुना मानून पुढील सत्तर वर्षे तीच भेगाळलेली भुई रंगविणाऱ्यांना ही सवलत देता येत नाही.

हे शास्त्र तरी असे काय सांगते? दख्खनचा खडक हा थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक, आणि मग पहार न लागणारा काळा कातळ. पाणी राहते ते मुरमात व भेगांत. म्हणून एकाच शिवारात एकाची विहीर मे महिन्यातही पाझरत असते आणि शेजाऱ्याची संक्रांतीलाच तळ दाखविते. १९७२ साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींचे पाणी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबरात, जानेवारीत, मार्चात व मे महिन्यात. काठावरून फीत खाली सोडावयाची, पाणी किती खोल आहे ते लिहावयाचे, आणि दुसऱ्या गावाला जावयाचे. याहून रुक्ष वाचन दुसरे कोणते असेल? परंतु अशी एखाद्या विहिरीची वीस-तीस वर्षांची नोंद पुढे ठेवून पाहावी. पाऊस तोच असता मार्चाचा आकडा दरवर्षी खोल जात असेल, तर त्या गावात कोणी नवे पंप बसविले, कोणी विंधनविहीर घेतली, कोणाच्या रानात ऊस आला, कोणाची लेक हंडा घेऊन लांब जाऊ लागली, हे सारे त्या आकड्यांच्या मागे दडलेले असते. पावसाअभावी ऑक्टोबराचाच आकडा खोल असणे ही एक कथा आणि ऑक्टोबर भरलेला असून मार्च रिता असणे ही अगदी दुसरी कथा. पहिलीत आकाश दोषी आहे, दुसरीत शेजारी. आमच्या कादंबऱ्यांना पहिलीच ठाऊक आहे.

दुसऱ्या कथेचे उत्तम उदाहरण आमच्या शेजारच्याच खोऱ्यात घडले. येरळा नदी खटावाकडून येऊन खानापूर तालुक्यातून वाहते व ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. वारणाही कृष्णेचीच, हरिपूरच्या संगमावर ती आपले पाणी ओतते. पण एका बहिणीच्या घरी सुकाळ आणि दुसरीच्या घरी ठणठणाट. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार खानापूर भागात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत होते. त्यांनी विचारले, ही खडी फोडून आमचा दुष्काळ कसा हटणार? मुक्ती संघर्ष चळवळीच्या या लोकांनी विद्यार्थी व शास्त्रज्ञ बोलावून गावोगाव पाहणी केली. तेव्हा दिसून आले की, येरळेची वाळू ठेकेदार ट्रकांनी उपसून नेत आहेत. नदीची वाळू म्हणजे नदीची घागर. पावसाळ्याचे पाणी वाळूच्या पोटात थांबते आणि काठच्या विहिरींना महिनोन्महिने पाझरते. वाळू गेली की पाणी आले तसे वाहून जाते. मग या लोकांनी सरकारशी भांडून थोडी वाळू विकण्याचा हक्क मिळविला आणि तीतून बळवडी व तांदूळवाडी या गावांसाठी बळीराजा स्मृती धरण बांधले. १९९० च्या सुमारास ते पुरे झाले. त्या पाण्यात भूमिहीनालाही वाटा आणि उसाला मज्जाव, असा नियम ठरला. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीत जवळजवळ हेच तत्त्व चालविले होते: पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातील माणसांच्या मापाने.

येरळेची ही हकीकत बाहेरच्या जगाला कळली ती मुख्यतः कासेगावी राहून लिहिणाऱ्या गेल ऑम्वेट (मृत्यू २०२१) यांच्या इंग्रजी लेखांतून. संपातून हरून आलेला कामगार, हातात खडीचा हातोडा, समोर वाळूचा ट्रक, आणि कागदावर उताराची रेघ ओढणारा कॉलेजचा पोरगा: याहून अधिक नाट्य कादंबरीकाराला कोठे मिळावयाचे? पण वाङ्मयात ते आले नाही. कारण त्यात रडण्यास जागा कमी आणि हिशेब फार. आमच्या मंडळींना दुष्काळ दया येण्यापुरता हवा असतो. दया आली की पुस्तक मिटून चहा घेता येतो. आणि चहात साखर कोणत्या पाण्याची, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वारणानगरात राहणाऱ्यांना तरी तो टाळता येऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, वाङ्मय म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे. आम्हांसही ते मान्य आहे. अहवालांची भाषाही काही निर्दोष नसते. २०१४ नंतर 'जलयुक्त शिवार' या सुरेख नावाखाली अनेक ठिकाणी यंत्रांनी ओढे खोल व रुंद करण्यात आले. खालचा खडक कसा आहे हे न पाहता केलेल्या या उकरणीला जाणकारांनी हरकत घेतली, आणि २०२० च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातही भूजल वाढविण्याचा हेतू साधला नसल्याचा ठपका आला. नावाच्या सुरेखपणाने खड्डा झाकला जातो तेव्हा शब्दांची पारख करणाऱ्या टीकाकारानेच प्रथम बोलावयास हवे. आम्ही कादंबरीत आकडे मागत नाही; आम्ही नजर मागतो. विहिरीच्या काठावर बसलेल्या बाईचे डोळे वर्णन करणाऱ्या लेखकाने एकदा ओणवे होऊन विहिरीत पाहावे.

असे पाहता येते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही, याचा पुरावा मराठीत १८८३ पासून पडून आहे. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आमचे टीकाकार समाजसुधारणेच्या कप्प्यात घालतात आणि मोकळे होतात. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अवघ्या पाच वर्षांनी लिहिलेल्या या ग्रंथात डोंगरावरील पालापाचोळा व शेण पावसाबरोबर वाहत येऊन शेतांना कसे खत होई, आणि जंगल खात्याने शेतकऱ्याचा रानाशी संबंध कसा तोडला, याचे वर्णन आहे. पलटणी व पोलीस यांच्याकडून जागोजाग ताली-बंधारे घालवून पाणी आधी शेतात मुरावे व मग ओढ्या-नदीला मिळावे, पाणाड्यांकडून झरे शोधून काढावेत, तलावातला गाळ शेतकऱ्यांना द्यावा, अशा त्यांच्या सूचना आहेत. 'पाणी आधी मुरावे, मग वाहावे' या क्रमात पाणलोटाच्या कामाचा गाभा आला. लेखन म्हणून 'असूड' पसरट आहे; फुले एका वाक्यात दहा जणांना झोडपतात आणि अकराव्याला वाटेत गाठतात; भटशाहीवरचा राग मध्येच उसळून मुद्द्याचा धागा सुटतो. पण त्यांचे उताराकडे पाहणे किती खडखडीत आहे! तेथे एकही अश्रू नाही, आणि वाचून झाल्यावर स्वस्थ बसवत नाही.

त्याच ग्रंथात त्यांची एक मागणी आहे की, कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या जमिनीच्या मानाने तोटीतून मोजून मिळावे. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांतील लोक समान पाण्यासाठी भांडले, आणि टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी अखेर आटपाडीच्या माळावर चढले. तेथे ते बंद नळांतून वाटण्याची योजना आखली गेली. माडगूळकरांच्या माणदेशात आता तोटी आली आहे. तिच्यावरून कोणाची भांडणे होतात, ती कोण फिरवितो, कोणाच्या बांधाला ती पोहोचत नाही, आणि मेंढरे घेऊन पूर्वी बाहेर पडणारा धनगर आता तिच्याजवळ थांबतो की नाही, हे सांगणारी कादंबरी आम्ही अद्याप वाचलेली नाही.