वीस गुणांचा शेरा

2024 साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एका तरतुदीची बरीच चर्चा झाली. दहावीला गणित वा विज्ञानात 35 गुण मिळाले नाहीत, पण निदान 20 मिळाले, तर विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल. मात्र या विषयांवर आधारित पुढील शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा त्याच्या प्रमाणपत्रावर असेल. शेरा नको असल्यास त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. गणितापायी शाळाच सुटू नये, हा हेतू चांगला आहे. शेरा मात्र तपासून पाहायला हवा.

निकाल मोजपट्टीवर किती अवलंबून असतो, हे आपण अनुभवले आहे. 2019 मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून घेतले, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलांची बुद्धी एवढी घटली, असे कोणी म्हणणार नाही.

आता बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोद्याकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सोबत गेलेल्या मुलाचे अर्धे शालेय वर्ष फडात जाते. मागे राहिलेली मुलगी आजीजवळ राहून घर सांभाळते. अशा मुलीला 28 गुण मिळाले, तर विषय झेपला नाही म्हणायचे, की शिकायला मिळाला नाही म्हणायचे? गुणपत्रक हे सांगत नाही. शेरा मात्र पहिलेच उत्तर गृहीत धरतो. एकाच निरीक्षणावरून काढलेला असा निष्कर्ष प्रयोगशाळेत कोणी मान्य करणार नाही.

पुनर्परीक्षेची वाट आहे, हे खरे. पण तिने संधी मिळते, शिकवणे मिळत नाही. ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, तो शेराच पत्करील.

तिचे आईवडील जो ऊस तोडतात, त्याच्या रसातील साखरेचा अंदाज कारखान्यात प्रकाशाच्या अपवर्तनावरून घेतात. तो धडा दहावीच्या पुस्तकात आहे. त्या मुलीला विज्ञान परके नाही. धड्यापासून फडापर्यंतचा दुवा कोणी जोडून दिलेला नाही.

तेव्हा शेऱ्याआधी शिकवण्याची तरतूद हवी. मार्चमधील परीक्षा आणि त्यानंतरची पुरवणी परीक्षा यांच्यामध्ये काही आठवडे असतात. कुटुंबे गावी परतलेली असतात. त्या काळात शाळेतच विनामूल्य वर्ग चालवावेत आणि शिक्षकांना त्याचा वेगळा मोबदला द्यावा. एवढे करूनही मूल मागे राहिले, तर शेऱ्याचा विचार करता येईल. आज तो शेरा मुलाच्या प्रमाणपत्रावर लिहिला जाईल, पण नापास झालेली असेल ती आपली व्यवस्था.