मक्केचे पत्र आणि औश्वित्झचा फलाट

जानेवारी २०२० मधील एक छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. पोलंडातील थंडीत, बिर्केनाऊच्या छावणीच्या आवारात, मुसलमान धर्मपंडित नमाज पढत आहेत. त्यांचे अग्रणी डॉ. मोहम्मद बिन अब्दुलकरीम अल्-इसा. हे गृहस्थ सौदी अरेबियाचे माजी न्यायमंत्री आणि मक्केत मुख्यालय असलेल्या मुस्लिम वर्ल्ड लीगचे सरचिटणीस. तारीख २३ जानेवारी. छावणी मुक्त झाल्याला ७५ वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. अमेरिकन ज्यूइश कमिटीची मंडळी बरोबर होती, आणि सुमारे २८ देशांतून आलेले साठाहून अधिक मुसलमान.

त्या वेळी आपल्या मंडळीत दोन मते ऐकू आली. शाब्बाथच्या प्रार्थनेनंतर एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मक्केचा माणूस औश्वित्झला जाऊन रडतो, आता आणखी काय पाहायचे राहिले!" दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर दिले, "अहो, तेलवाल्यांचे नाटक आहे, अमेरिकेला खूश करायचे आहे, दुसरे काही नाही." प्रस्तुत लेखकास दोन्ही मते घाईची वाटली, आणि आज इतक्या वर्षांनी तर अधिकच वाटतात. एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तशी या भेटीचीही करावयास हवी.

ही भेट एकाएकी झालेली नाही. जानेवारी २०१८ मध्ये अल्-इसा यांनी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या संचालिका सारा ब्लूमफील्ड यांना एक पत्र लिहिले. शोआ नाकारणे किंवा त्याचे गांभीर्य कमी करून सांगणे म्हणजे इतिहासाची मोडतोड आणि मृत निष्पापांचा अपमान, असा त्याचा आशय. खरा इस्लाम अशा कृत्यांच्या विरुद्ध आहे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. या पत्रात "पण" हा शब्द घालून मागाहून काही वळवून घेतलेले नाही. राजकारणी माणसाच्या निषेधात असे एक "पण" हटकून असते. म्हणून हे पत्र मला आवडले.

तरी हे शब्द कोणत्या घरातून आले ते ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी सुवेझ कालव्यावरील ग्रेट बिटर सरोवरात, क्विन्सी या अमेरिकन युद्धनौकेवर, राजे अब्दुल अझीझ आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट झाली. रूझवेल्ट यांनी युरोपातील यहुद्यांच्या हालांचा विषय काढला. राजांचे उत्तर अशा अर्थाचे होते की, ज्या जर्मनांनी त्यांना छळले त्यांच्याच उत्तम जमिनी व घरे त्यांना द्या. अरबांनी ती भरपाई का करावी, हा त्यांचा सवाल होता. त्या सवालाचा वाद येथे नको. पण यहुद्यांवर काय गुजरले हे रियाधला त्याच वर्षी ठाऊक होते, आणि राजांनी ते नाकारलेही नव्हते. अंधार पुढे पसरला. राजे फैसल परदेशी पाहुण्यांच्या हाती 'प्रोटोकॉल्स'ची प्रत ठेवीत. झारच्या रशियात १९०३ साली प्रथम छापलेले ते बनावट पुस्तक! सौदी शाळांतील दहावीच्या पाठ्यपुस्तकातही ते खरे म्हणून शिकविले जात असे. अगदी अलीकडच्या वर्षांत तो मजकूर काढला गेला. तेव्हा २०१८ च्या पत्राला नवी माहिती म्हणता येत नाही. जुनी, गाडलेली माहिती त्याने वर काढली.

आता भेटीकडे वळू. येथे माझी एक तक्रार आहे, आणि ती एकट्या अल्-इसांविषयी नाही. औश्वित्झला जाणाऱ्या सर्वच पाहुण्यांविषयी आहे. पाहुणा लोखंडी कमानीतून आत जातो, भिंती पाहतो, फुले वाहतो आणि "मानवता" या विषयावर बोलतो. म्हणजे तो शेवटापासून सुरुवात करतो. छावणी हा रस्त्याचा शेवट होता. आरंभ झाला तो गावागावांतील स्टेशनांवर, जेथून माणसांची रवानगी झाली. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये केवळ आठ आठवड्यांत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक यहुदी गाड्यांत भरून पाठविले गेले, बहुतेक सारे औश्वित्झला. त्यांच्यासाठी रूळ थेट बिर्केनाऊच्या आत नेले होते. एवढ्या गाड्या चालवायला वेळापत्रक लागते, कारकून लागतात, सांधेवाले लागतात, आणि खिडकीतून पाहून गप्प बसणारे शेजारी लागतात. द्वेष वाईट आहे हे मान्य करणे सोपे; त्या कारकुनाच्या टेबलाकडे पाहणे अवघड.

दुसऱ्या दिवशी ही मंडळी वॉर्साला गेली. तेथे त्यांनी पोलिन हे यहुदी इतिहासाचे संग्रहालय पाहिले आणि शुक्रवारी रात्री तेथील यहुद्यांबरोबर शाब्बाथचे भोजन घेतले. त्या संग्रहालयापासून थोडे चालून गेले की उम्श्लागप्लात्झ लागते. मूळची ती माल चढविण्या-उतरविण्याची जागा. २२ जुलै १९४२ पासून सप्टेंबरपर्यंत तेथून अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंकाला गेली. १९८८ साली तेथे स्मारक उभारले. भिंतीवर ४४८ नावे आहेत, आडनावे नाहीत. आबा या नावापासून झाना या नावापर्यंत, पोलंडातील यहुद्यांत रूढ असलेली नुसती नावे. अब्राहाम, सारा, राहेल यांची पोलिश रूपे. आपण हश्काबा म्हणताना मृताचे नाव त्याच्या बापाच्या नावासह घेतो. त्या भिंतीवर तेवढेही जमण्यासारखे नव्हते.

येथे आपण बेने इस्राएलांनी स्वतःकडेही पाहावे. औश्वित्झच्या यादीत आमच्याही नातलगांचे नाव नाही. कोकणात आमच्या वाडवडिलांना कोणी गाडीत कोंबले नाही. शनिवार तेली म्हणून त्यांनी शेजाऱ्यांत सुखाने घाणे चालविले. मुंबईत १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली आणि जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले निर्वासित भेटले, तेव्हा आम्हांस ती कथा कानाने कळली. म्हणजे त्या फलाटावर आम्हीही पाहुणेच. मक्केच्या पाहुण्याला "तुझे तेथे कोण होते?" असे विचारण्याचा हक्क आम्हांस कमीच. ज्याचे कोणी तेथे नव्हते त्याने कसे आठवावे, हा प्रश्न त्याच्याइतकाच आमचाही आहे.

मग नाटकाचा आरोप? जुलै २०२२ मध्ये हजच्या वेळी अराफातचे प्रवचन देण्यास अल्-इसा यांची निवड झाली, तेव्हा अरब जगतातील पुष्कळांनी समाजमाध्यमांवर त्यांस व्यासपीठावरून उतरविण्याची मोहीम चालविली. यहुद्यांशी सलोखा हाच त्यांचा मुख्य अपराध. ८ जुलैला प्रवचन त्यांनीच दिले. परदेशात टाळ्या मिळविण्यासाठी नाटक करणारा घरी इतक्या शिव्या खाण्याची तयारी ठेवत नाही, असे मला वाटते. अर्थात सरकारचा हात पाठीशी असल्याशिवाय हे धाडस झाले नसते, हेही तितकेच खरे. असो.

माझा आक्षेप निराळा आहे, आणि तो त्यांच्याच शब्दांतून निघतो. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून मुसलमानांस आवाहन केले की, शोआचा इतिहास शिका, स्मारके पाहा आणि आपल्या मुलांना तो शिकवा. पत्र वॉशिंग्टनला, लेख वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रात, अश्रू पोलंडात. हे सारे ठीक. पण मुले जेद्दात आणि रियाधमध्ये शाळेत जातात. त्यांच्या पुस्तकातून 'प्रोटोकॉल्स' गेले हे मोठेच काम झाले, आणि ते आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. खोटे खोडणे हे एक, आणि त्या जागी खरे लिहिणे हे दुसरे. वॉर्साहून ट्रेब्लिंकाला पहिली गाडी सुटली ती २२ जुलै १९४२ रोजी. एक तारीख, दोन गावांची नावे आणि गाडीत कोण होते एवढे सांगायला पाठ्यपुस्तकाच्या चार ओळी पुरतात. त्या ओळी कोण लिहितो, तिकडे आमचे लक्ष आहे.