‘स्व’ची ओळख आणि पहारेकऱ्याची उपमा

रोगप्रतिकारशक्ती शिकवताना बहुधा पहारेकऱ्याची उपमा दिली जाते. भंडारा जिल्ह्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. तेथील शिक्षक सहज म्हणतील की, खाणीच्या फाटकावरचा पहारेकरी यादी पाहून आपल्या माणसांना आत सोडतो, परक्यांना अडवतो, शरीराचेही तसेच. उपमा सोपी आहे, मुलांना पटते. पण आमच्या मते तिच्यात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव अशी की, शरीराजवळ तयार यादी नसते. याचे उत्तम उदाहरण मुंबईतच सापडले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ व ‘बी’ प्रतिजन नसले तरी ‘एच’ प्रतिजन असतो. बॉम्बे गटात तोही नसतो. त्यामुळे या व्यक्तींच्या रक्तात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात आणि त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. म्हणजे ‘एच’ मुळात आपलाही नाही, परकाही नाही. ज्या शरीरात तो असतो तेथे त्याच्याविरुद्धच्या पेशींना आवर बसतो. नसतो तेथे त्या मोकळ्या राहतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. उपमेनुसार पहारेकरी चुकला तरच आपल्या माणसाला इजा होते. प्रत्यक्षात टी व बी पेशींचे ग्राहक रेणू जनुकांच्या तुकड्यांच्या यदृच्छया जुळणीतून बनतात. साहजिकच, स्वतःच्याच घटकांवर उलटू शकणाऱ्या पेशी प्रत्येकात निर्माण होतात. थायमस ग्रंथीत व अस्थिमज्जेत त्यांपैकी पुष्कळ बाद होतात, सगळ्या नव्हे. उरलेल्यांना नियामक टी पेशी आवरतात. त्या पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. मेरी ब्रंकाऊ व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधलेले जनुक या पेशींच्या घडणीस आवश्यक असल्याचे पुढे सिद्ध झाले. तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा आवर सुटला की शरीर स्वतःवरच उलटते.

हे वर्गात सांगायलाच हवे. ‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली’ हा समज पहारेकऱ्याच्या उपमेने पक्का होतो. मग ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाला घरचेच लोक ‘शक्ती वाढवणारी’ भुकटी आणून देतात. डॉक्टर नेमकी ती शक्ती आवरणारी औषधे का देतात हे उमगत नाही, आणि औषध मध्येच सोडले जाते.

उपमा टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. रक्तगटांचा तक्ता फळ्यावर असतोच. ‘ए’ गटाच्या माणसात ‘ए’विरोधी प्रतिपिंडे का नसतात, एवढे मुलांना विचारावे. सहिष्णुतेचा पाठ तेथून सुरू होतो.